तारेच्या आतलं गवत

हिरवळ कापणारा रोबो विकत घ्यायला एक दुपार पुरते. तो बसवायचा तर आधी आपलीच बाग चालून, वाकून, टेपने मोजून बघावी लागते. श्टुटगार्टजवळच्या आमच्या गावात घरटी हिरवळ आहे. एप्रिल ते ऑक्टोबर गवताला उसंत नसते आणि त्यामुळे घरातल्या माणसांनाही नसते. रविवारी यंत्र बाहेर काढता येत नाही. जर्मनीत वसाहतीमध्ये रविवारी गवत कापायच्या यंत्रांना कायद्याने बंदी आहे आणि रोबोलाही त्यातून सूट नाही.

स्वीडनच्या हुस्कवार्नाने 1995 साली सौर ऊर्जेवर चालणारा रोबो बाजारात आणला. तेव्हाची मूळ कल्पना आजही कायम आहे: थोडंथोडं कापायचं, पण सतत. रोजच्या रोज शेंडेच तेवढे उडतात. ते काही मिलिमीटरचे तुकडे मुळाशी पडून कुजतात आणि जमिनीला खत मिळतं. कापलेलं गवत गोळा करून टाकायचं कामच राहत नाही.

उपग्रहाच्या आधारे वाट काढणारे रोबो आता मिळतात, पण त्यांना वर मोकळं आकाश लागतं. आमच्या बागेवर एकीकडून घराची आणि दुसरीकडून जुन्या अक्रोडाची सावली आहे. म्हणून आम्ही तारेचाच घेतला.

ही तार म्हणजे रोबोचं सगळं जग. चार्जिंग स्टेशनातून निघून ती हिरवळीच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारते आणि परत स्टेशनात येते. तिच्यातून अगदी कमी दाबाचा विद्युतप्रवाह ठोक्याठोक्याने वाहतो आणि भोवती क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तारेच्या आत त्या क्षेत्राची दिशा एक, बाहेर बरोबर उलटी. एवढ्यावरून रोबोला आपण आत आहोत की बाहेर ते कळतं. गुलाबाचा वाफा, उतार, मुलांचा वाळूचा खड्डा यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. ते आपण तारेतून सांगायचं.

भिंतीपासून तार तीसेक सेंटिमीटर आत घ्यावी लागते, कारण वळण्याआधी रोबोचं नाक तारेच्या थोडं पुढे जातं. फरसबंदी हिरवळीला समतल असेल तर दहाएक सेंटिमीटर पुरतात, मग एक चाक फरशीवर ठेवून तो कडेचं गवतही साफ करतो. कोपऱ्यात तार काटकोनात न मोडता गोलसर वळवायची. खुंट्या हातभर अंतरावर ठोकायच्या आणि दोन खुंट्यांमध्ये तार ताणून जमिनीला टेकलेली हवी. ती जराही वर राहिली तर पात्याखाली येते. त्याआधी जुन्या यंत्राने गवत शक्य तितकं खाली कापून घ्यायचं. काही आठवड्यांत गवत तारेवरून वाढतं आणि तार दिसेनाशी होते.

मला सगळ्यात आवडला तो मधल्या सफरचंदाच्या झाडाला बाजूला काढायचा प्रकार. कडेची तार झाडापर्यंत आणायची, बुंध्याभोवती फेरा घालायचा आणि आल्या वाटेनेच, पहिल्या तारेला चिकटून पण तिला न ओलांडता, परत कडेला न्यायची. शेजारी शेजारी असलेल्या या दोन तारांत प्रवाह उलट दिशांनी वाहतो, त्यांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि रोबोच्या लेखी तिथे तार उरतच नाही. तो त्या जोडीवरून सरळ निघून जातो. बुंध्याजवळच्या फेऱ्याशी आला की मात्र मागे फिरतो. गुडघ्यावर बसून हे बघताना शाळेतलं भौतिकशास्त्र पहिल्यांदा कामाला आल्यासारखं वाटलं.

देखभाल फार नाही, पण टाळून चालत नाही. खालच्या फिरत्या तबकडीवर तीन सुटी पाती असतात, दाढीच्या ब्लेडसारखी पातळ. दीड-दोन महिन्यांत त्यांची धार जाते. गवताचे शेंडे फाटल्यासारखे, पांढुरके दिसू लागले की समजायचं. बटण बंद करायचं, जाड हातमोजे घालायचे, रोबो उलटा करायचा आणि तिन्ही पाती एकदम बदलायची. स्क्रूही नवे लावायचे, कारण झिजलेल्या स्क्रूवरून पातं सुटू शकतं. चाकांत अडकलेला चिखल ब्रशने काढायचा.

एका पावसाळी आठवड्यात स्टेशनाचा हिरवा दिवा जाऊन निळा लुकलुकायला लागला, म्हणजे तार कुठेतरी तुटली. सगळी हिरवळ खणायची गरज नसते. रोबोला घरी आणणारी एक मार्गदर्शक तार स्टेशनातून निघून हिरवळीच्या मधून जाते आणि पलीकडे कडेच्या तारेला जोडलेली असते. स्टेशनावर कडेच्या तारेचं डावं टोक काढून तिथे ही मधली तार लावली आणि दिवा हिरवा झाला. म्हणजे तुटलेली जागा डाव्या अर्ध्यात. पुढे खुंटीखुंटीने तपासत गेलो तर कंपोस्टच्या ढिगाजवळ उंदरांनी तार कुरतडलेली सापडली. जेल भरलेल्या जोडणीत दोन्ही टोकं सरकवून पक्कडीने दाबली की काम झालं. नुसती चिकटपट्टी ओल्या मातीत टिकत नाही.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको: अंधारात रोबो चालवायचा नाही. हेजहॉग रात्री अन्न शोधायला निघतात आणि धोका दिसला की पळत नाहीत, अंग आवळून जागीच थांबतात. डेन्मार्कच्या संशोधक सोफी लुंड रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच मेलेल्या हेजहॉगवर वेगवेगळे रोबो चालवून पाहिले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्राण्याला धडकल्याशिवाय एकाही रोबोला त्याची चाहूल लागली नाही आणि अगदी लहान पिल्लं तर कुणालाच कळली नाहीत. कोलोन शहराने 2024 मध्ये रात्रीच्या वापरावर बंदीच घातली. आमच्या गावात तशी बंदी नाही, पण वेळापत्रक आपल्याच हातात असतं. आमचा रोबो सकाळी दहानंतर निघतो आणि दुपारीच स्टेशनात परततो. शेजारच्या आजोबांचा रात्री फिरायचा. मी त्यांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्यासमोरच वेळ बदलली.

थंडी आली की बॅटरी पूर्ण चार्ज करून रोबो आणि स्टेशन तळघरात ठेवतो. तार जमिनीतच राहते. मार्चमध्ये बर्फाने वर उचललेल्या खुंट्या पुन्हा ठोकाव्या लागतात. यंदा त्याच वेळी कुंपणाकडची तार दीडेक मीटर आत घेतली आणि ती पट्टी रोबोच्या हद्दीबाहेर काढली. तिथे क्लोव्हर आणि डेझी वाढू दिले आहेत. ते गवत वर्षातून दोनदा विळ्याने कापायचं, तेही खाली कुणी दडलेलं नाही ना हे हाताने चाचपून.