बदलापूरच्या वाटेवरचा परदेशी माल

बदलापूर हें नांव घोडे बदलण्यावरून पडलें, असें सांगतात. ही व्युत्पत्ति खरी असो वा नसो, ह्या गांवाहून कल्याणकडे निघालेल्या प्रवाशास दोनच मुक्कामांत देशाच्या व्यापारनीतीचा इतिहास भेटतो.

पहिला मुक्काम अंबरनाथ. १९२२ सालीं परदेशी काड्यापेट्यांवर जबर जकात बसली. माल बाहेरून आणणें परवडेना, तेव्हां स्वीडिश कंपनीनें कारखानेच इकडे काढले. १९२३ मध्यें स्थापन झालेल्या 'विम्को'चा येथील कारखाना त्यांपैकींच. जकातीनें माल अडला; भांडवल मात्र अडलें नाहीं.

स्वातंत्र्यानंतरची भिंत निराळी होती. १९४७ च्या कायद्यानें आयातीस परवाना लागूं लागला, १९५१ च्या कायद्यानें मोठ्या कारखान्यांसहि. आणि १९५५ सालीं आवडी येथें काँग्रेसनें समाजवादी धर्तीची समाजरचना हें ध्येय स्वीकारलें. खासगी दुकान चालूच राहिलें, परंतु त्यांत परदेशी वस्तु दिसेनाशी झाली. कल्याणच्या लष्करी छावणींत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस १९४९ मध्यें उल्हासनगर हें नांव मिळालें. तेथील कारागिरांनीं ही उणीव हेरली आणि परदेशी मालाच्या हुबेहूब नकला बाजारांत आणल्या. त्यांवरील 'यू. एस. ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', अशी थट्टा मुंबईभर होई. थट्टा करणारेहि तो माल घेत, हें विसरूं नये! अस्सल वस्तु सरळ मार्गानें मिळत नसली कीं नकलेलाहि भाव येतो.

१९९१ च्या जूनमध्यें परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतें उरलें. सुमारें ४७ टन सोनें इंग्लंड व जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे गहाण पडलें. १ व ३ जुलैस रुपयाचें अवमूल्यन झालें. सुमारें २१ रुपयांचा डॉलर जवळजवळ २६ रुपयांस गेला. निर्यातदारास त्याच डॉलरचे अधिक रुपये मिळूं लागले, तर परदेशी कच्चा माल घेणाऱ्यास तितकेच अधिक मोजावे लागले. २४ जुलैस मनमोहन सिंग यांनीं अंदाजपत्रक मांडून जकातीची कमाल मर्यादा शेंकडा १५० वर आणली. बहुतेक उद्योगांचे परवानेहि त्याच दिवशीं सुटले.

तरी उल्हासनगरची भिंत त्या दिवशीं पडली नाहीं, ही गोष्ट पुष्कळदां विसरली जाते. यंत्रांना दार उघडलें. घरगुती उपभोगाच्या बऱ्याच वस्तूंना तें बंदच राहिलें. अमेरिकेच्या तक्रारीवरून १९९९ सालीं जागतिक व्यापार संघटनेंत भारताविरुद्ध निकाल लागला, आणि १ एप्रिल २००१ रोजीं उरलेल्या ७१५ वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध उठले. नकलेच्या शेजारीं अस्सल माल उघडपणें मांडतां येऊं लागला. आणि अमेरिकेच्या मालापेक्षां चीनचा स्वस्त मालच कारागिराच्या पोटावर अधिक आला.