ऐकायलाही वीज लागते

जमिनीवरच्या टॉवरमधून टीव्हीचं प्रक्षेपण करणारं आपल्याकडे एकटं दूरदर्शन. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आठ-आठ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्या मावतात. त्यातल्या किमान १२ जवळजवळ सगळ्या देशात रिकाम्या असतात, हे आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं. याच मोकळ्या लहरींवरून त्यांनी पालघरमधल्या खामलोली परिसरात इंटरनेट पोचवून पाहिलं.

रेडिओने मोकळी लहर स्वतः हेरायची आणि मूळ मालक आला की निमूट उठायचं, ही कल्पना जोसेफ मिटोला यांनी १९९९ मध्ये ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ या नावाने मांडली. ऐकायला झकास. पण लहर मोकळी आहे, हे ठरवायचं कसं?

अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने २००८ मध्ये अट घातली, की उणे ११४ डीबीएम इतका क्षीण सिग्नलही अशा उपकरणाला कळला पाहिजे. एका वॉटचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यातले चार! अमेरिकेतली वाहिनी सहा मेगाहर्ट्झची. तेवढ्या पट्ट्यात नुसत्या उष्णतेने उठणारी खरखर याच्या सहापट भरते. वरातीच्या बँडमागे उभं राहून कुणाची कुजबुज टिपावी, तसा हा प्रकार.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे आलेली ऊर्जा मोजायची आणि ती ठरावीक पातळीच्या वर गेली, की वाहिनी व्यग्र समजायची. मात्र खरखरीत बुडालेला सिग्नल निम्मा झाला, की नमुने चौपट घ्यावे लागतात. तेवढा वेळ अँटेनामागचा अ‍ॅम्प्लिफायर जागा, बॅटरी खर्ची आणि त्या वाहिनीवर पाठवणं बंद. शिवाय खरखरीची पातळी नेमकी माहीत नसेल, तर एका मर्यादेनंतर कितीही ऐका, काही कळत नाही.

मग काटकसर कुठे करायची? एक उपाय दुसऱ्या महायुद्धातला आहे. युद्धसामग्री तपासताना नमुन्यांची संख्या आधीच ठरवू नका, पुरावा पुरेसा झाला की थांबा, असं गणित अब्राहम वाल्ड यांनी मांडलं होतं. तेच रेडिओला लावलं, की सरासरी नमुने बरेच कमी लागतात. दुसरा उपाय गटाचा: काही उपकरणांनी झोपायचं, उरलेल्यांनी ऐकायचं आणि ज्याची खात्री आहे त्यानेच केंद्राला कळवायचं. ‘बहुतेक असेल’वाल्यांनी गप्प बसायचं. कळवण्याचीही वीज वाचते.

एफसीसीने २०१० मध्ये तर जीपीएस आणि वाहिन्यांची नोंदवही वापरणाऱ्या उपकरणांना ऐकण्याची सक्तीच काढून टाकली. ते शहाणपणाचंच झालं. टीव्हीचे टॉवर काही जागा बदलत नाहीत. त्यांच्यासाठी रोज कान टवकारायचे कशाला? अडचण याच वाहिन्यांवर चालणाऱ्या वायरलेस माइकची. तो आज या सभागृहात, उद्या भलत्याच मैदानात. त्यासाठी दोन वाहिन्या राखून ठेवल्या गेल्या आणि मोठ्या कार्यक्रमांना नोंदवहीत नाव घालायची सोय झाली.