गुलाल उतरायच्या आत

जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. नव्या सरपंचांच्या अंगावरचा गुलाल उतरतो न उतरतो तोच कोरोनाची दुसरी लाट आली. सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातल्या घाटण्याचे सरपंच ऋतुराज देशमुख तेव्हा जेमतेम एकविशीतले. सरपंच व्हायला कायद्याने लागतं तेवढंच वय!

मी जन्मभर ग्रामसेवकी केली. अशा साथीत सरपंचाच्या हातात काय असतं, ते मला विचारा. ना डॉक्टर, ना पोलीस. असतात त्या आशाताई, अंगणवाडीसेविका, शाळेची रिकामी खोली आणि शब्दाचं वजन. ताप लपवणाऱ्या म्हाताऱ्याला आशाताई दारात उभं राहून ऑक्सिमीटर लावायला सांगते. तो ऐकत नाही. सरपंच पोरगा ओट्यावर बसून, "आबा, बोट द्या की," म्हणतो, तेव्हा बोट पुढे येतं. शाळेत विलगीकरणाला जायचं, तर आधी 'म्हशीची धार कोण काढणार?' हे मिटवावं लागतं. ते कुठल्याच परिपत्रकात नसतं.

३० मे २०२१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी गाव कोरोनामुक्त केल्याबद्दल घाटण्याच्या ऋतुराज यांचं कौतुक केलं. सोबत अंत्रोळीच्या कोमल करपे आणि हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांचंही. मग राज्य सरकारची कोरोनामुक्त गाव स्पर्धा निघाली, पहिलं बक्षीस ५० लाखांचं.