रेझ्युमेसोबतचं पत्र: कुठं चालतं, कुठं नाही

नाकाडोंगरीच्या आसपास नोकरीचा विषय निघाला की पहिलं नाव मॉयल या खाण कंपनीचं. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आणि चिखल्याची भूमिगत खाण, दोन्ही आपल्याच तुमसर तालुक्यात. पहिला गैरसमजही तिथलाच: झकास पत्र लिहून नागपूरच्या मुख्यालयात पाठवलं, तर कुणाच्या तरी नजरेत भरेल. मॉयल हा केंद्र सरकारचा उपक्रम. तिथं भरती निघते ती जाहिरात देऊन, आणि जाहिरातीत सांगितलेला अर्ज मुदतीत भरावा लागतो. पात्रता कागदावर नसेल, तर पत्र ती भरून काढत नाही. मायनिंग मेट किंवा ब्लास्टरच्या कामाला खाण सुरक्षा महासंचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं, तो कायदाच आहे. खासगी ठेकेदारालाही त्यातून सूट नाही.

मग पत्र लिहायचं कुणाला? खासगी कारखान्याला, ठेकेदाराच्या ऑफिसला, राईस मिलला, विनाअनुदानित शाळेला. वरठीच्या पोलाद कारखान्यापासून तुमसरच्या मिलपर्यंत अशा जागा आपल्या जिल्ह्यात आहेत. पण इथं दुसरा गैरसमज आडवा येतो: पत्र म्हणजे रेझ्युमेच, फक्त वाक्यांत. ‘माझे शिक्षण दहावी, आयटीआय इलेक्ट्रिशियन, मला अमुक भाषा येतात.’ हे सगळं खालच्या कागदावर आहेच. पत्रानं सांगायचं ते एवढंच, की या जागेच्या कामाला हा माणूस का बसतो.

समजा, आयटीआय झालेल्या एका मुलानं मिलमध्ये काम केलंय आणि त्याला कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात जायचंय. तो असं लिहू शकतो:

‘आपल्या मेंटेनन्स विभागातील इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी अर्ज करत आहे. राईस मिलमध्ये दोन हंगाम मोटारी आणि पॅनल सांभाळले. तिथली मोठी मोटार वारंवार ट्रिप व्हायची. रिवाइंडिंगला पाठवण्याआधी मी तिन्ही फेजचा करंट मोजला. एका फेजला कमी दाखवत होता. कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट जळालेला निघाला. तो बदलल्यावर मोटार त्याच दिवशी चालू झाली. शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी आहे.’

यात ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘जिद्दी’ यातला एकही शब्द नाही. वाचणारा फोरमन असेल तर त्याला फेज मोजणारा पोरगा लगेच कळतो.

घरच्या परिस्थितीचं काय? ‘वडील मजूर आहेत, बहिणीचं लग्न आहे, कृपा करून संधी द्यावी.’ वाचून कुणालाही वाईट वाटतं. पण ठेकेदाराला डंपर चालवायला माणूस हवा असतो, आणि तेवढ्याच गरजू पाच जणांचे अर्ज त्याच्यापुढे असतात. ही विनवणी शाळेत शिकलेल्या विनंती अर्जातून आलीय. ‘वरील विषयास अनुसरून’ही तिथलंच, ते राहिलं तरी बिघडत नाही, पण पहिल्या ओळीत जागेचं नाव आलंच पाहिजे. ओळखीनं जात असाल तर त्या माणसाला विचारून त्याचं नावही तिथंच घालावं.

इंग्रजी जड असलं की छाप पडते, हाही असाच एक समज. जाहिरात ज्या भाषेत, त्या भाषेत लिहा. राज्याच्या सीमेपलीकडे कटंगी-बालाघाटकडे हिंदी बरी. इंग्रजीत लिहायचंच असेल, तर मुलाखतीत जे शब्द तोंडानं बोलता येतील तेवढेच वापरा.

मधली दोन वर्षं रिकामी गेली असतील तर ती लपवू नका, रेझ्युमेवरच्या तारखांत ती दिसतातच. ‘या काळात घरची धानशेती सांभाळली’ ही एक ओळ पुरते.

लांबी एक पान, तेही भरलंच पाहिजे असं नाही. मेलनं पाठवत असाल तर पत्र मेलमध्येच टाईप करा आणि रेझ्युमे पीडीएफमध्ये जोडा. मोबाइल नंबर दोन्हीकडे हवा. ऑनलाइन सेंटरवर ‘तयार फॉरमॅट’ मिळतो, त्यात आधीच्या गिऱ्हाइकाच्या कंपनीचं नाव तसंच राहून जातं. सेंटरवाल्याला घाई असते, पण पाठवण्याचं बटण दाबण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या आणि कंपनीचं नाव, जागेचं नाव, आपला नंबर, तिन्ही मोठ्यानं वाचा.