कमी पैशांचा फुटबॉल

फुटबॉलच्या एका सामन्यात साधारण अडीच-तीन गोल होतात. कबड्डीत दोन्ही संघांचे मिळून साठ-सत्तर गुण सहज होतात. तिथे एक चूक पुढच्या चढाईत भरून निघते आणि शेवटी बहुधा सरस संघच जिंकतो. फुटबॉलमध्ये ती सोय नाही. पायाला लागून दिशा बदललेला एक चेंडू, पंचांचा एक निर्णय किंवा गोलरक्षकाला गवसलेला सूर एवढ्यावर निकाल फिरतो. म्हणून तुटपुंज्या पैशांवर चालणारा क्लबही एखाद्या दिवशी बड्या क्लबाला धूळ चारू शकतो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत असे चार-पाच दिवस लागोपाठ आले की चषक हाती लागतो. साखळी स्पर्धेचे गणित निराळे असते. अठरा, बावीस किंवा अडतीस सामन्यांत नशिबाचे चढउतार एकमेकांना खोडून टाकतात आणि उरते ती संघाची खरी ताकद. ही ताकद पुष्कळ अंशी पगारातून येते.

सायमन कुपर आणि स्टेफान शिमान्स्की यांनी इंग्लंडमधील क्लबांचे बऱ्याच वर्षांचे हिशेब तपासले. खेळाडू विकत घेण्यासाठी किती रक्कम मोजली, याचा गुणतक्त्यातील स्थानाशी फारसा संबंध त्यांना आढळला नाही. संबंध होता तो पगाराच्या खर्चाशी. अनेक वर्षांची सरासरी काढली, तर क्लबांच्या स्थानांतील फरकांपैकी सुमारे नऊ-दशांश फरक पगारावरूनच सांगता येतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अपवाद म्हणून नेहमी लेस्टर सिटीचे नाव घेतले जाते. २०१५-१६ च्या हंगामाआधी सट्टेबाज या क्लबाच्या विजेतेपदावर एकाला पाच हजार असा भाव देत होते, आणि क्लब विजेता ठरला. पण लेस्टरचा मालक थायलंडमधला अब्जाधीश होता. तिथल्या मानाने गरीब म्हणायचे, इतकेच. भारतातली उदाहरणे अधिक बोलकी आहेत आणि त्यातले सर्वांत जुने उदाहरण तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याला परके नाही.

आदिलाबाद जिल्हा आणि मराठवाडा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीतील पोलिसांचा फुटबॉल संघ म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यामागे लाखोंचा प्रेक्षकवर्ग आणि धनिक आश्रयदाते होते. हैदराबादच्या संघात पोलीस खात्यात नोकरीला असलेली माणसे खेळत. १९५० मध्ये या संघाने ड्युरँड कपच्या अंतिम लढतीत मोहन बागानला हरवले. मुंबईच्या कूपरेजवर होणारा रोव्हर्स कप तर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे याच संघाकडे राहिला. एखाद्या दिवशी लागलेली लॉटरी म्हणून हे सोडून देता येत नाही.

या यशाच्या मुळाशी सय्यद अब्दुल रहीम होते. पेशाने शिक्षक असलेल्या रहीम यांनी १९५० पासून १९६३ मध्ये कर्करोगाने निधन होईपर्यंत पोलीस संघाला घडवले. शिवाय भारतीय संघाला १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवून दिले. त्यांच्या पद्धतीला पैसा जवळजवळ लागतच नव्हता. मुलांसाठी ते अशा स्पर्धा भरवत की ज्यात चेंडू पायाशी खेळवत पुढे नेण्यास मनाई असे. चेंडू आला की लगेच साथीदाराकडे द्यायचा. काही स्पर्धांत फक्त दुबळ्या पायाने, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत डाव्या पायाने, खेळायचे. यातून दोन्ही पायांनी अचूक पास देणारी पोरे तयार झाली आणि तीच पुढे पोलीस संघात गेली. सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला तुलसीदास बलराम सरावाला येऊ शकत नव्हता, तर भाड्याच्या सायकलचे पैसे रहीम यांनी दिले. बलराम पुढे देशातील सर्वोत्तम आघाडीपटूंमध्ये गणला गेला.

पोलीस संघाकडे पैसा कमी होता, पण दोन गोष्टी भक्कम होत्या. पहिली म्हणजे पक्की नोकरी. पगार लहान, पण महिन्याच्या महिन्याला मिळणारा. खेळ संपल्यावरही टिकणारा. दुसरी म्हणजे एकच प्रशिक्षक तेरा वर्षे. कोलकात्याच्या क्लबांना खेळाडू विकत मिळत, पण अशी सलगता विकत मिळत नव्हती. मात्र या पद्धतीची मर्यादाही लवकरच दिसली. कोलकात्याच्या क्लबांचे लक्ष हैदराबादच्या मैदानांकडे लागले होते. बलराम १९५७ मध्ये ईस्ट बंगालकडे गेला आणि त्या काळात कोलकात्याची वाट धरणारा तो एकटाच नव्हता. पुढची पिढी घडवणारा माणूस होता, तोवर ही गळती भरून निघत राहिली. रहीम गेल्यावर काही वर्षांतच हैदराबादचा दबदबा ओसरला.

साखळी स्पर्धेत गरीब क्लबाने बाजी मारल्याचे भारतातील ठळक उदाहरण मिझोरममधले आहे, पण त्याचे एक टोक मुंबईत आहे. खालिद जमील यांनी मुंबई एफसी या क्लबाला अनेक वर्षे मर्यादित पैशांत आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत टिकवून धरले. २०१६ मध्ये क्लबाने त्यांना निरोप दिला आणि ते ऐझॉल एफसीकडे गेले. ऐझॉल त्याच वर्षी खालच्या गटात घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतल्यामुळे त्याला परत घेण्यात आले. क्लबाचा वर्षाचा खर्च २ कोटी रुपयांच्या आसपास असल्याचे त्या वेळी बोलले जाई. संघात बहुतेक मिझोरमची मुले होती. त्यांच्या जोडीला मुंबईचा जयेश राणे, आशुतोष मेहता आणि मोजके परदेशी खेळाडू. एप्रिल २०१७ मध्ये ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० ने हरवले आणि ३० एप्रिलला शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून विजेतेपद पटकावले. ऐझॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला.

विजयानंतर जे झाले ते अपेक्षितच होते. जमील ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. सीरियाचा मधल्या फळीतला महमूद अल अम्ना त्यांच्यामागोमाग तिकडेच गेला. राणे आणि मेहता कोलकात्याच्या एटीके या क्लबाकडे गेले. काही मिझो खेळाडूंनाही मोठ्या क्लबांनी उचलले. ऐझॉलला तो चषक पुन्हा जिंकता आला नाही. गरीब क्लब चांगला खेळला की त्याचे खेळाडू आणि प्रशिक्षक महाग होतात, आणि ते महाग झाल्यावर त्यांना ठेवून घेण्याइतका पैसा क्लबाकडे नसतो. हरल्यावर प्रेक्षक कमी होतात, जिंकल्यावर खेळाडू. या कात्रीतून सुटलेले क्लब फार थोडे आहेत.

तेलंगणाच्या ताज्या इतिहासात हीच गोष्ट अधिक वेगाने घडली. पुण्याचा एफसी पुणे सिटी हा इंडियन सुपर लीगमधला क्लब आर्थिक ओढाताणीमुळे बंद पडला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पहिल्या हंगामात नवा क्लब शेवटच्या स्थानावर राहिला. नंतर स्पॅनिश प्रशिक्षक मनोलो मार्केझ आले. महागडी नावे गोळा करण्याऐवजी त्यांनी आकाश मिश्रा, आशिष राय यांच्यासारख्या तरुण भारतीय खेळाडूंना सलग सामने दिले. लीगने पगाराच्या खर्चावर मर्यादा घातलेली असल्याने श्रीमंत क्लबांचे हातही काहीसे बांधलेले होते, त्याचा फायदा झाला. २० मार्च २०२२ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सविरुद्धची अंतिम लढत १-१ अशी बरोबरीत सुटली. बरोबरीचा गोल गोव्याच्या साहिल तावोराचा. पेनल्टी शूटआउटमध्ये गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले आणि हैदराबादने ३-१ ने बाजी मारली. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव या संघात होता.

पुढे गळती सुरू झाली. संघातला लिस्टन कुलासो आधीच, २०२१ मध्ये, एटीके आणि मोहन बागान यांच्या विलीनीकरणातून झालेल्या एटीके मोहन बागानकडे गेला होता. मग २०२२ मध्ये राय त्याच क्लबाकडे गेला आणि २०२३ मध्ये मिश्रा मुंबई सिटीकडे. मुंबई सिटीत २०१९ ते २०२५ या काळात मँचेस्टर सिटीच्या मालकांचा पैसा होता. कुलासो आणि राय गेल्यावरही २०२२-२३ मध्ये हैदराबाद दुसऱ्या स्थानावर होता, म्हणजे खेळाडू विकूनही काही काळ तग धरता येतो. क्लब मोडला तो थकलेल्या पगारांनी. २०२३-२४ मध्ये वेतन मिळेना, फिफाने नवे खेळाडू घेण्यावर बंदी घातली, हंगामाच्या मध्यावर खेळाडू निघून गेले. २२ सामन्यांत फक्त एक विजय मिळाला. मालकी बदलली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लब दिल्लीला हलवून त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली ठेवण्यात आले. अंदाजपत्रक लहान असणे आणि कबूल केलेला पगार न देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या स्थितीत १९५० चे पोलीस आणि २०१७ चे ऐझॉल जिंकले. दुसऱ्या स्थितीत अंतिम लढत जिंकलेला संघही दोन वर्षांत विस्कटला. भारतीय फुटबॉलमध्ये दोन्हींची गल्लत सर्रास होते, आणि ती बहुधा मालकांच्या सोयीची असते.

आदिलाबादसारख्या जिल्ह्यातल्या क्लबाची लढत अर्थातच फार खालच्या पायरीवर असते. राजधानी तीनशे किलोमीटरवर. तिथे स्पर्धेला संघ न्यायचा तर प्रवास, मुक्काम आणि जेवण यांतच वर्षाची वर्गणी संपते. अशा क्लबासाठी मुंबई सिटीपेक्षा कोल्हापूरचा नमुना उपयोगी आहे. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमी आणि मंडळांचे संघ पेठेतल्या लोकांच्या पैशांवर आणि शाहू स्टेडियमवरच्या गर्दीवर अनेक दशके चालले आहेत. खेळाडू पेठेतला, वर्गणीदार पेठेतला, त्यामुळे एका हंगामाच्या पराभवाने संघ बंद पडत नाही. अलीकडे तिथेही बाहेरचे आणि परदेशी खेळाडू आणण्याची चढाओढ लागली आहे. गरीब-श्रीमंत भेद आता पेठांमध्येही शिरला आहे.

लहान क्लबाच्या हाती उत्पन्नाचा एक मार्ग असतो आणि त्याकडे हमखास दुर्लक्ष होते. करार संपण्यापूर्वी खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात विक्री झाली, तर फिफाच्या नियमानुसार त्या रकमेतील ५ टक्के वाटा १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. गावातला पोरगा तिथवर पोहोचणे दुर्मीळ आहे, पण पोहोचलाच तर तो कोणाकडे शिकला हे कागदावर असावे लागते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची खेळाडू नोंदणीची ऑनलाइन व्यवस्था त्यासाठीच उपयोगी पडते. बहुतेक लहान क्लब बूट आणि चेंडू यांची जुळवाजुळव करण्यातच थकतात आणि नोंदणी राहून जाते. जिल्ह्यातील क्लबांच्या चालकांनी निदान एवढे करावे: मुलगा किंवा मुलगी बारा वर्षांची झाली की त्याच हंगामात त्याचे किंवा तिचे नाव नोंदवावे.