लांडगा चावला, आता कॅरेक्टर कुणाचं?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर एखाद्या कॅरेक्टरला वेअरवुल्फ चावला की दोन तऱ्हेची माणसं लगेच ओळखू येतात. एक डोक्याला हात लावते, "गेलं कॅरेक्टर!" दुसरीचे डोळे चमकतात, "अरे, मलाही चावून घेता येईल का?" दोघांच्याही डोक्यात नियम म्हणून जे बसलेलं असतं ते बहुतेक वेळा सिनेमातून आलेलं असतं, नाहीतर कुणीतरी जुन्या आवृत्तीत खेळलेल्या मोहिमेच्या आठवणींतून. पुस्तकात वेगळंच लिहिलेलं असतं. पुस्तक बदललं की तेही बदलतं.

हा खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात: कागद, पेन्सिल, फासे आणि चार-पाच माणसं. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग चालवतो, गावकरी चालवतो, राक्षस चालवतो. बाकी प्रत्येकाकडे एकच कॅरेक्टर असतं आणि त्याने काय करायचं हे फक्त तो खेळाडू ठरवतो. माणसाचं जनावर होणाऱ्या पात्रांवरून जे वाद होतात ते शक्तीवरून सुरू होतात, पण अखेरीस खेळाडूच्या या एकुलत्या एक हक्कापाशीच येतात.

"चावलं की लागण झालीच."

नाही. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये वेअरवुल्फचा दात लागल्यावर कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे शरीराच्या चिवटपणाचा, सेव्हिंग थ्रो मिळतो. वीस बाजूंचा फासा टाकायचा, आपला बोनस मिळवायचा आणि 12 गाठायचे. कॉन्स्टिट्यूशनचा बोनस अधिक दोन असेल तर वाचण्याची शक्यता 55 टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जराशी बरी. उंदीर होणाऱ्याच्या चाव्याला 11 पुरतात, वाघ होणाऱ्याच्या चाव्याला 13 लागतात, अस्वल होणाऱ्याच्या चाव्याला 14. नखांनी ओरबाडलं तर लागण होतच नाही. शिवाय माणसाच्या रूपातला वेअरवुल्फ चावूच शकत नाही. त्यासाठी त्याला पूर्ण लांडगा व्हावं लागतं किंवा अर्धा.

2003 च्या साडेतीन आवृत्तीत तर आणखी एक अट होती. जन्मजात वेअरवुल्फच्या चाव्यानेच लागण होते. ज्याला चावून लागण झाली तो पुढे कुणाला देऊ शकत नाही. म्हणजे एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि बघता बघता अख्खं गाव, हे त्या नियमांत बसत नाही. व्हाइट वुल्फ कंपनीने 1992 मध्ये काढलेल्या 'वेअरवुल्फ: द अपोकॅलिप्स' या वेगळ्या खेळात चाव्याचा काही संबंधच नाही. तिथल्या वेअरवुल्फना गारू म्हणतात आणि ते जन्मानेच गारू असतात. त्यांनी चावा घेतला तर माणूस जखमी होतो किंवा मरतो, त्यापलीकडे काही नाही.

चाव्याची कल्पना घट्ट केली हॉलिवूडने. 1935 चा 'वेअरवुल्फ ऑफ लंडन' आणि त्यापेक्षाही 1941 चा, कर्ट सिओडमॅकने लिहिलेला 'द वुल्फ मॅन'. त्याआधीच्या गोष्टींत माणसं वेगळ्याच वाटांनी जनावर होतात. 1589 मध्ये जर्मनीतल्या बेडबर्गला पीटर स्टुम्प नावाच्या माणसावर खटला चालला, तेव्हा सैतानाने दिलेला पट्टा कमरेला बांधून तो लांडगा होतो, असं म्हटलं गेलं. आपल्याकडची नोंद त्याहून रंगतदार आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखला जाणारा स्लीमन 1844 च्या आपल्या पुस्तकात सागरच्या बाजूची, एकेकाळी पेशव्यांच्या अमलाखाली असलेल्या मुलखातली, माणूस-वाघाची गोष्ट सांगतो. तिथे एक मुळी खाल्ली की माणसाचा वाघ होतो आणि दुसरी खाल्ली की परत माणूस. एका गड्याने ही दुसरी मुळी बायकोच्या हातात देऊन वाघ होऊन दाखवलं. ती घाबरून मुळीसकट पळाली, आणि वाघ रानात शिरून आसपासच्या गावांतल्या आपल्याच जुन्या मित्रांना खात सुटला. खरा वाघ आणि माणूस-वाघ यांतला फरक काय? स्लीमनला सांगणारे म्हणाले, माणूस-वाघाला शेपूट नसतं. चंद्र नाही, चावा नाही, चांदी नाही. भारतात खेळणाऱ्या डीएमने युरोपातला लांडगा उसना आणण्याआधी हे एकदा वाचावं, असं मला वाटतं.

"पौर्णिमेलाच रूप बदलतं."

2014 च्या नियमांत वेअरवुल्फ आपल्या पाळीत एक अॅक्शन खर्च करून केव्हाही रूप बदलू शकतो, भर दुपारीसुद्धा. पौर्णिमा आडवी येते ती शापाशी झगडणाऱ्याला. एरवी तो सगळं दाबून नेहमीसारखा जगतो. त्या रात्री मात्र आवर घालता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी काय झालं ते नीट आठवेलच असंही नाही. 'अपोकॅलिप्स'मध्ये चंद्राचं काम निराळं आहे. जन्माच्या वेळी चंद्राची कला कोणती होती यावर गारूची भूमिका ठरते. अमावास्येचा तो रॅगाबॅश, टवाळ आणि प्रश्न विचारणारा. पौर्णिमेचा तो आरून, लढवय्या. मधल्या कलांना थिअर्ज, फिलोडॉक्स आणि गॅलिअर्ड. पत्रिका बघण्याची सवय असलेल्या घरात वाढलेल्यांना ही रचना फार समजावून सांगावी लागत नाही.

आणि ज्यांना पौर्णिमेचा नियम हवाच आहे त्यांनी आधी जग कोणतं ते बघावं. एबेरॉन या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या एका जगात आकाशात बारा चंद्र आहेत. कुठल्या चंद्राची पौर्णिमा, हे डीएमला आधीच ठरवून ठेवावं लागतं.

"चांदीशिवाय मरत नाही."

ज्याला चावून घ्यायचं असतं त्याचा डोळा खरं तर इथे असतो. 2014 च्या पुस्तकात वेअरवुल्फला साध्या, जादू नसलेल्या आणि चांदीचा मुलामा नसलेल्या शस्त्राच्या हल्ल्याने काहीही होत नाही. कमी इजा नव्हे, शून्य इजा. पण आग, थंडी, वीज, जवळपास सगळे मारक मंत्र आणि कुठलंही जादूचं शस्त्र त्याला लागतं. संरक्षण हल्ल्यांपासून आहे, त्यामुळे कड्यावरून ढकलला तर दगडावर आपटून तो इतरांसारखाच मोडतो. एका शस्त्राला किंवा दहा बाणांना चांदी चढवायला 100 सोन्याची नाणी लागतात. पाचव्या-सहाव्या लेव्हलच्या पार्टीला ते जड नाही.

हे संरक्षण खेळाडूच्या हातात गेलं तर काय होतं? तिसऱ्या लेव्हलचं कॅरेक्टर, समोर गदा घेतलेले दहा गॉब्लिन, आणि एकाचाही फटका त्याला लागत नाही. मग डीएमपुढे दोनच वाटा उरतात. एकतर जगातल्या प्रत्येक दरोडेखोराच्या कमरेला अचानक चांदीचा खंजीर येतो, नाहीतर उरलेली पार्टी हात बांधून बघत बसते. दोन्ही कंटाळवाण्या. ताकदीचा भाग तर अनेकदा फुसकाच निघतो. शापित वेअरवुल्फला स्ट्रेंग्थ 15 मिळते, पण आधीची त्याहून कमी असेल तरच. 16 असलेल्या फायटरच्या हाती त्यातून काही लागत नाही. 8 असलेला जादूगार मात्र लांडगा होऊन आनंदाने कुस्ती खेळायला निघतो.

म्हणून 2025 च्या फेब्रुवारीत आलेल्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलने हे संरक्षणच काढून टाकलं. आता वेअरवुल्फला साध्या तलवारीचा घावही लागतो. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसण्याची ताकद, मात्र वाढवले आहेत. जुन्या खेळाडूंनी कुरकूर केली तरी मला हा बदल पटतो. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचा विचारही त्याच बाजूचा. तिथे वेअरवुल्फवर साधं शस्त्र चालतं, आणि चांदी लागली तर पाच जास्तीची इजा होते. साडेतीन आवृत्तीत मधला मार्ग होता: चांदीचं शस्त्र नसेल तर प्रत्येक घावातून लागण झालेल्याला पाचची आणि जन्मजाताला दहाची सूट.

"एकदा झालं की सुटका नाही."

रिमूव्ह कर्स हा तिसऱ्या पातळीचा मंत्र आहे आणि क्लेरिकला, म्हणजे पुजाऱ्याला, तो पाचव्या लेव्हलला मिळतो. चावून झालेली लागण 2014 च्या नियमांत तेवढ्याने जाते. जन्मजात वेअरवुल्फला मात्र विश या सर्वोच्च मंत्राखेरीज सोडवता येत नाही. साडेतीन आवृत्तीत उपचारांची धांदल जास्त होती: तासाभरात बेलाडोना खायला घातली तर आणखी एक फासा, तीन दिवसांच्या आत बाराव्या लेव्हलचा क्लेरिक गाठला तर बरं, तेही हुकलं तर पौर्णिमेच्या तीन दिवसांपैकी एक दिवस साधून शाप उतरवायचा. बेलाडोना विषारी आहे ही गोष्ट पुस्तक विसरत नाही. एक आख्खी मोहीम यावर निघते, आणि नव्या नियमांत नेमकी ही गंमत हरवली आहे.

"वाघाच्या तोंडाचा राक्षस म्हणजे वेअरटायगर."

या खेळातला राक्षस आपल्या पुराणांतून उचलला आहे, पण 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या चित्राने त्याला वाघाचं डोकं दिलं, अंगात झगा घातला आणि हातात पाइप दिला. तो भ्रम पसरवून हवा तसा दिसतो. त्याच्या चाव्याने कुणी वाघ होत नाही, पौर्णिमेशी त्याचं देणंघेणं नाही. जुन्या नियमांत मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने तो जागच्या जागी मरायचा. वेअरटायगर वेगळा, आणि पाचव्या आवृत्तीत तो दुष्टही नाही. खरा वाघ-माणूस खेळायचा असेल तर 'अपोकॅलिप्स'मधली खान ही वाघांची जमात बघावी.

रूप बदलणारा ड्रुइडही वेअरवुल्फ नव्हे. त्याला शिकून मिळालेली विद्या असते, दिवसातून मोजक्या वेळा वापरायची. बुद्धी त्याची स्वतःची राहते, आणि चांदीला तो इतर माणसांइतकाच घाबरतो.

"लागण झाली की कॅरेक्टर डीएमचं."

सगळ्यात जास्त रुसवेफुगवे यावरून होतात. 2014 च्या पुस्तकात खेळाडूंसाठी एक चौकट आहे. शापाशी झगडणाऱ्या कॅरेक्टरचा स्वभाव माणसाच्या रूपात होता तसाच राहतो. शाप आपलासा केला तर अलाइनमेंट, म्हणजे चांगल्या-वाईटाकडचा कल, त्या प्राण्याची होते, आणि मग शाप उतरेपर्यंत कॅरेक्टर डीएमच्या ताब्यात जाऊ शकतं. 'जाऊ शकतं' एवढंच. निर्णय डीएमवर सोडला आहे, सक्ती नाही. शिवाय प्रत्येक प्राण्याची अलाइनमेंट वाईट नसते. लांडगा, रानडुक्कर आणि उंदीर दुष्ट, वाघ तटस्थ, अस्वल तर चक्क सज्जन. पुस्तकातली अस्वलं आपला शाप निवडक साथीदारांना किंवा शिष्यांनाच देतात. सज्जन क्लेरिक वेअरबेअर झाला तर ताबा घेण्याचं कारणच उरत नाही.

2025 च्या पुस्तकात ही चौकट नाही. तिथे शापित कॅरेक्टरचे हिट पॉइंट शून्यावर आले की ते बेशुद्ध न पडता दहा हिट पॉइंट घेऊन वेअरवुल्फ म्हणून उभं राहतं, आणि ते डीएम चालवतो. राक्षस म्हणून जबरदस्त प्रसंग आहे हा. खेळाडूने महिनोन्‌महिने खेळायचं पात्र म्हणून त्यात काहीच नाही.

इतर आवृत्त्यांनी आणि खेळांनी हा ताबा फाशांकडे सोपवला. साडेतीन आवृत्तीत कंट्रोल शेप नावाचं कौशल्य होतं आणि नको असताना होणारा बदल रोखायला 25 गाठावे लागत. वर किंमतही मोजावी लागे. लागण झालेला पहिल्या लेव्हलचा फायटर हिशेबात पाचव्या लेव्हलचा धरला जायचा: लांडग्याचे दोन हिट डाइस आणि वर दोनचा अधिभार. बाकीचे मंत्र शिकत पुढे जायचे, हा तिथेच. 'अपोकॅलिप्स'मध्ये गारूकडे रेज, म्हणजे संताप, असतो. जितका साठवाल तितकी ताकद, पण चिडवणारा प्रसंग आला की तितक्याच जास्त फाशांनी उन्माद चढतो आणि मग मित्र-शत्रू दिसत नाही. इच्छाशक्ती खर्चून तो थोपवता येतो. किती रेज बाळगायचा हे खेळाडूच ठरवतो, म्हणून मित्राच्या नरड्याचा घोट घेतला गेला तरी ती गोष्ट त्याची स्वतःची राहते. नऊ फुटांच्या आसपासचं क्रिनॉस रूप बघून साधी माणसं भ्रमिष्ट होतात आणि पुढे ते विसरूनही जातात, हा नियमही त्याच खेळातला.

माझं मत विचाराल तर डीएमने शीट हिसकावून घेणं हा या सगळ्यातला सर्वांत आळशी उपाय आहे. त्याहून बरं म्हणजे पौर्णिमेच्या रात्री जनावराला काय हवंय एवढंच सांगावं: "तुला गोठ्याकडून रक्ताचा वास येतोय." पुढचं खेळाडूवर सोडावं. खेळाडू बहुतेक वेळा डीएमपेक्षा जास्त क्रूर निघतो. हे सगळं पहिल्या बैठकीआधी बोलून घ्यावं, कारण अंगाचा ताबा सुटण्याची गोष्ट प्रत्येकाला गमतीची वाटत नाही.

"वेअरवुल्फ खेळायचा तर आधी चावून घ्यावं लागतं."

1992 मध्येच डंजन्स अँड ड्रॅगन्सने 'नाइट हाउलर्स' हे पुस्तक फक्त अशा पात्रांसाठी काढलं होतं. कीथ बेकरच्या एबेरॉनमध्ये शिफ्टर आहेत, वेअर-प्राण्यांचे दूरचे वंशज. बोनस अॅक्शन वापरून ते एक मिनिट दात-नखं काढतात, थोडे जास्तीचे हिट पॉइंट मिळवतात आणि परत माणूस होतात. शाप नाही, लागण नाही. पाथफाइंडरच्या 2024 च्या 'हाउल ऑफ द वाइल्ड'मध्ये वेअर-प्राण्याचा आर्किटाइप आहे. त्यात शक्ती लेव्हल वाढेल तशा हप्त्याहप्त्याने मिळतात, त्यामुळे तिसऱ्या लेव्हलच्या कॅरेक्टरपुढे गॉब्लिनांची पंचाईत होत नाही.

आणि मॅथ्यू मर्सर या डीएमने घडवलेला ब्लड हंटर हा क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा पेशा. 2015 च्या 'द लास्ट विच हंटर' सिनेमाच्या निमित्ताने त्याने विन डीझलसाठी एक क्लास बनवला होता, त्यातूनच पुढे हा आला. त्यातल्या ऑर्डर ऑफ द लायकनचे शिकारी शाप मुद्दाम, ठरवून अंगात घेतात. जनावराच्या रूपात त्यांचे हिट पॉइंट निम्म्याच्या खाली गेले की विस्डमचा थ्रो टाकावा लागतो. तो हुकला तर जो सर्वांत जवळ असेल त्याच्यावर तुटून पडायचं, मग तो आपला क्लेरिक का असेना. हा क्लास मूळ नियमपुस्तकात नाही, तेव्हा डीएमची परवानगी आधी घ्यावी. फासा मात्र खेळाडूच्याच हातात राहतो.