यकृतात पसरलेला कर्करोग : रक्तातील प्रथिने काय सांगतात?

आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जाताना अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो. प्रार्थना आटोपली की उशालगतची फाइल पुढे येते आणि कुटुंबातील कोणी तरी एका ओळीवर बोट ठेवून विचारते, "फादर, हा सीईए इतका वाढला आहे. म्हणजे आता किती दिवस?" मी वैद्य नाही. तथापि हा आकडा काय आहे आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे आपणा सर्वांना समजण्यासारखे आहे.

मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरतो तेव्हा तो बहुधा प्रथम यकृत गाठतो. आतड्यातील रक्त थेट हृदयाकडे न जाता पोर्टल व्हेन या शिरेतून आधी यकृतात जाते, आणि सुटलेल्या कर्कपेशी त्याच वाटेने तेथे रुजतात.

1965 साली कॅनडातील माँट्रियल येथे फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन या संशोधकांना आतड्याच्या कर्करोगात एक प्रथिन आढळले. तेच गर्भाच्या आतड्यातही होते. तेच हे सीईए. निरोगी प्रौढाच्या रक्तात त्याचे प्रमाण सहसा मिलिलीटरमागे 5 नॅनोग्रॅमच्या आत असते. धूम्रपान करणाऱ्यांत ते थोडे अधिक असते, यकृताच्या वा आतड्याच्या अन्य विकारांतही वाढते, आणि काही कर्करोग तर ते निर्माणच करीत नाहीत. म्हणून केवळ या चाचणीवरून निदान होत नाही. निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी मात्र ती उपयुक्त ठरते. गाठ पूर्णपणे काढल्यावर आकडा काही आठवड्यांत उतरतो. तो पुन्हा चढू लागला, तर स्कॅन करून शोध घ्यावा लागतो.

आयुष्याच्या अंदाजाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील युमान फाँग व सहकाऱ्यांनी 1999 साली यकृतातील गाठी शस्त्रक्रियेने काढलेल्या 1001 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूळ कर्करोग लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असणे, वर्षाच्या आत यकृतात पसरणे, एकाहून अधिक गाठी, 5 सेंटिमीटरहून मोठी गाठ आणि 200 च्या वर सीईए, अशा प्रत्येक गोष्टीला त्यांनी एक गुण दिला. शून्य गुण असलेल्यांपैकी शंभरात सुमारे 60 जण पाच वर्षांनंतर हयात होते. पाचही गुण असलेल्यांत सुमारे 14. म्हणजे सर्वांत वाईट गटातही काही जण उरले, आणि आपला रुग्ण त्या चौदांत आहे की नाही हे गुण सांगत नाहीत. शिवाय त्या शस्त्रक्रिया 1985 ते 1998 या काळातील. त्यानंतर औषधे बरीच बदलली आहेत. पाच गोष्टींपैकी रक्तातील प्रथिन एकच आहे, हेही ध्यानात घ्यावे.

माझ्या मते अधिक मोलाच्या त्या चाचण्या, ज्या 'किती दिवस' ऐवजी 'कोणते औषध' या प्रश्नाचे उत्तर देतात. पेशीतील जनुकीय चुका दुरुस्त करणारी एमएलएच-1, एमएसएच-2, एमएसएच-6 व पीएमएस-2 ही चार प्रथिने गाठीच्या तुकड्यात तपासतात. त्यांतील एखादे नाहीसे झालेले असेल, तर रोगप्रतिकारशक्तीला जागविणारे उपचार लाभदायक ठरू शकतात. पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाच्या 2020 साली जाहीर झालेल्या चाचणीने ते दाखवून दिले. असे रुग्ण थोडेच, पण त्यांच्यासाठी तो शोध फार मोठा आहे. याउलट आरएएस जनुकात बदल असेल, तर सेटुक्सिमॅब हे महागडे औषध सहसा व्यर्थ जाते. खर्चाच्या चिंतेत असलेल्या कुटुंबाला ते आधीच कळलेले बरे.

आता एकाच नमुन्यातील हजारो प्रथिने मोजणारी यंत्रे आली आहेत, आणि नवनव्या निदर्शकांच्या बातम्या येत असतात. परंतु हजारो प्रथिने आणि रुग्ण मात्र थोडेच असले, की काही जुळण्या निव्वळ योगायोगानेही होतात. दुसऱ्या रुग्णालयातील दुसऱ्या रुग्णांवर तोच निष्कर्ष उतरला तरच तो विश्वासार्ह. बहुतेक दावे या कसोटीवर टिकत नाहीत.

डॉक्टरांना भेटताना या दोन्ही चाचण्या झाल्या आहेत का आणि यकृताच्या शल्यचिकित्सकांनी स्कॅन पाहिला आहे का, हे अवश्य विचारावे. मागचे सर्व अहवालही सोबत न्यावेत. सीईए शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासावा, कारण पद्धत बदलली की आकडाही बदलतो, आणि डॉक्टर एकट्या आकड्यापेक्षा त्याची चढउतार पाहतात.